चतुर्थीचं मौन

सत्यशीला गेल्याचं मला कोणी सांगितलं नाही. अंगदचा फोन आला, त्यावरूनच कळलं.

अंगद माझा मुलगा. तो फोन करत नाही. त्याच्याकडं फोन आहे, माझ्यापेक्षा भारी आहे, पण तो लिहायला आणि वाचायला. बोलायचं असलं की तो नंबर लावायचा आणि फोन आईच्या हातात द्यायचा. मग ती बोलायची. त्या दिवशी ती जालन्याच्या दवाखान्यात होती, अंगद तिच्याजवळ होता आणि मी शेळ्यांना पाला टाकत होतो. फोन वाजला. मी उचलून म्हणालो, "हां, बोल सत्यशीला." तिचा आवाज आला नाही. नुसता श्वास आला. मग "आ" असा एक आवाज. पुन्हा श्वास. पुन्हा "आ". मी फोन कानाला धरून खाली बसलो. शेळ्यांनी माझ्या मांडीवरचा पाला खाऊन टाकला. वाक्य पुढं गेलंच नाही आणि मला सगळं कळलं.

"येतो मी," म्हणालो. आणि गेलो.

तेराव्याच्या पत्रावळी उचलायच्या आत माझ्या अक्कानं विषय काढला. अक्का म्हणजे बायनाबाई, माझी थोरली बहीण.

"राधाकिसन, दुःख आपल्या जागी. पण पोराचं लग्न वर्षाच्या आत उरकावं लागतं. न्हाईतर तीन वर्षं पुढं गेलं."

"अक्का, अजून लोकं जेवून राह्यलेत."

"म्हणूनच म्हणते. सगळे हायेत तवर स्थळं विचारून घेऊ."

तिनं विचारलीसुद्धा. बुंदी वाढता वाढता तिनं तीन गावांत निरोप पोचवले.

अडचण एकच होती. अंगद अडखळतो. मोसंबीच्या रोपवाटिकेत माझ्याबरोबर काम करताना फार नाही. शेळ्यांना तर तो धडाधड शिव्या देतो, एक अक्षर अडत नाही. पण चार माणसं समोर बसली की त्याचा जबडा आवळतो, मानेच्या शिरा फुगतात आणि शब्द आतच राहतो. स्वतःचं नाव सगळ्यात अवघड. तो एकदा मला म्हणाला होता, "अण्णा, दुसरा शब्द अडला तर त्याच्या जागी वेगळा घालता येतो. नावाच्या जागी काय घालू?" आणि मुलगा बघायला आलेला माणूस पहिला प्रश्न नावाचाच विचारतो.

'प'सुद्धा त्याला निघत नाही. रोपांच्या मागणीसाठी त्याला कधी कधी जालन्याहून रेल्वेनं परतूरला जावं लागतं. खिडकीत तिकीटवाला, मागं रांग, रांगेतून "चला, चला, जल्दी." तो सेलूचं तिकीट काढतो आणि परतूरला उतरतो. सेलू पुढं आहे, पण निघतं तरी.

सत्यशीला त्याला एकदा संभाजीनगरला वाणीच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली होती. मीही होतो. बाई म्हणाल्या, "ह्याचं अडखळणं थोडंच आहे. त्याच्यावर भीती येऊन बसली आहे. अडखळेन म्हणून भितो, भितो म्हणून जास्त अडखळतो, आणि मग बोलायचंच टाळतो. टाळलं की भीती वाढते. तुम्ही त्याच्या जागी बोलत जाऊ नका." सत्यशीला म्हणाली, "बरं." बाहेर आल्यावर रसवंतीवर तिनं त्याच्यासाठी रस मागितला. "बर्फ कमी" हेसुद्धा तिनंच सांगितलं.

अक्काचं औषध वेगळं. वेखंड आणि शंखातलं पाणी. त्याच्या लहानपणी तिनं त्याच्या जिभेवर इतकं वेखंड घासलं की अजून तो वासानं ओकारी काढतो.

तीन-चार स्थळं अशीच आली आणि चहा पिऊन गेली. मग तृप्तीचं आलं. परतूरकडची माणसं. पूर्वी मेंढरं राखणारी, आता थोडी शेती, थोडी मेंढरं. मुलगी परतूरला जिनिंगवर कापसाच्या वजनकाट्यावर बसते. तिचा आणि अंगदचा नंबर एकमेकांना दिला होता. आजकाल देतात. आणि मी बघत होतो की पोरगा फोनवर लिहिताना एकटाच हसतोय. आई गेल्यापासून तो हसला नव्हता. म्हणून हे स्थळ मला हवं होतं. खरं म्हणजे त्याला हवं होतं. तो बोलला नाही, पण त्यानं स्वतःहून दाढी केली.

पाहुणे राजूरच्या गणपतीला संकष्टीच्या दर्शनाला येणार होते. तिथून आमची पिंपळवाडी जवळ, तर घर आणि मुलगा बघूनच जाऊ, असा निरोप आला. आदल्या दिवशी आमच्या ओसरीवर सभा भरली. माझा धाकटा भाऊ सुग्रीव आला. सुग्रीव दोनदा ग्रामपंचायतीला उभा राहिला आहे आणि दोनदा पडला आहे, पण भाषण करायचं सोडत नाही. त्याला माईक दिला की परत घ्यायला दोन माणसं लागतात. माझी लेक छकुली अंबडहून आली. ती सासरी असते, पण कोणी काही लपवायला लागलं की तिला तिथून वास येतो.

"गाऊन सांग," अक्का अंगदला म्हणाली. "गाताना अडखळत न्हाई तू. ओवीसारखं म्हण. माझं नाव अंगद गाऽऽ..."

"आत्या, पाव्हणे मुलगा बघायला येऊ राह्यले. वासुदेव बघायला न्हाई," छकुली म्हणाली.

"मंग तू सांग दुसरं."

"खरं सांगा. अडखळतो म्हणावं. झालं."

"खरं सांगायचंच असतंय," सुग्रीव म्हणाला, "पण अक्षता पडल्यावर."

मग त्यानं तंबाखू मळली, आणि तो गंभीर झाला. तो गंभीर झाला की आमच्या घरावर काहीतरी येतं.

"उद्या काय हाये? संकष्टी. बस. अंगदचं मौन हाये. राजूरच्या गणपतीला बोललेलं. दर चतुर्थीला दिवसभर एक शब्द न्हाई."

"देवाच्या नावानं खोटं?" मी म्हणालो.

"खोटं कुठं, भाऊ? गप तर तो बसणारच हाये. आपण त्याला फक्त नाव देऊन राह्यलो."

सगळ्यांनी अंगदकडं पाहिलं. त्यानं मान हलवली. त्याच्या तोंडावर इतकं हायसं आलं की मला पुढं काही बोलता आलं नाही. छकुलीनं डोक्याला हात लावला.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर जीप आली. तृप्तीचा आजा कडूबा, आजी साळूबाई आणि तृप्ती. तिचे वडील ट्रकवर असतात, ते कुठंतरी गुजरातेत होते. कडूबाच्या काखेत घोंगडीची गुंडाळी होती. डोक्याला लाल पागोटं, हातात काठी, आणि डाव्या कानानं त्याला जवळजवळ ऐकू येत नाही. चहा घ्यायच्या आधीच त्यानं घोंगडी अंगणात झटकून पसरली.

"आमच्या घरची एक रीत हाये," तो म्हणाला. "सोयरिकीचं बोलणं ह्या घोंगडीवर. हिच्यावर बसंल त्यानं आपलं नाव, बापाचं नाव, गाव आपल्या तोंडानं सांगायचं. दुसऱ्यानं सांगितलेलं चालत न्हाई."

"का बरं?" अक्कानं विचारलं.

"माझ्या आजीला बघायला एक आला, आणि बोहल्यावर उभा राह्यला दुसराच. तवापासून."

"मंग?"

"मंग काय? त्याच दुसऱ्याचा मी नातू."

तो घोंगडीवर बसला, नाव, बाप, गाव सांगितलं. मी सांगितलं. सुग्रीवनं सांगितलं आणि वर दोन वाक्यं गावच्या विकासावर बोलला. मग कडूबानं अंगदकडं पाहून घोंगडीवर थाप मारली. "या जावाई... या पाव्हणे."

अंगद ओसरीच्या खांबाला टेकून उभा होता. त्याचा रंग उडाला. सुग्रीवनं हात जोडले.

"बाबा, माफी असावी. आज त्याचं मौन हाये. चतुर्थीचं."

मला वाटलं, आता हसतील. पण साळूबाईनं एकदम पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि अंगदला लांबून नमस्कार केला.

"ह्या वयात मौन! अहो, आमच्याकडची पोरं जेवताना बी गप बसत न्हाईत. तरीच म्हणलं, तोंडावर काय तेज हाये."

ते तेज घामाचं होतं. पण अक्काला तेवढं पुरलं.

"लहानपणापासूनच तो लई बोलत न्हाई," ती म्हणाली. "देवाचं माणूस. एकदा तर आठ-आठ दिवस..."

"आत्या, चुलीवर दूध हाये," छकुली म्हणाली. चुलीवर दूध नव्हतं.

नंतरचा तासभर मी जे पाहिलं ते मला माझ्या घरात कधी दिसलं नव्हतं. अंगद पाहुण्यांमध्ये बसला, घोंगडीच्या बाजूला, खुर्चीवर. कडूबानं मोसंबीचं विचारलं तर त्यानं उठून दोन रोपं आणून कलम कुठं बांधतात ते बोटानं दाखवलं. साळूबाईनं विचारलं, शेळ्या किती, तर बोटं दाखवली आणि एका शेळीची नक्कल करून दाखवली, जी रोपं खाते ती. सगळे हसले. तोही हसला. मान वर, खांदे सैल. कोणी त्याच्या शब्दाची वाट बघत नव्हतं. त्यानं उपासाची खिचडी दोनदा घेतली. पाहुण्यांसमोर तो पाणीसुद्धा घेत नाही, कारण घेतलं की "आणखी देऊ का" म्हणतात आणि उत्तर द्यावं लागतं.

तृप्ती मात्र हसली नाही. ती त्याच्याकडं बघत होती, तराजूचा काटा थांबायची वाट बघतात तशी.

मग कडूबानं उजवा कान सुग्रीवकडं केला. "मौन कधी सुटतं हो?"

"चंद्र उगवला की," सुग्रीव म्हणाला. अगदी सहज म्हणाला.

"मंग बिलकुल ठीक. थांबतो आम्ही. आमचा बी उपास हाये. चंद्र बघू, पोराच्या तोंडून नाव ऐकू, संगंच जेवू आणि निघू. काय?"

 नंतर तो मला म्हणाला, "भाऊ, चतुर्थी धरली ती गप बसायला. चतुर्थीला चंद्र उगवतो हे आपल्या ध्यानातच न्हाई आलं." आयुष्यभर संकष्टी करणाऱ्या घरात हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. सुग्रीव तसाच उठला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात तोंड घालून उभा राहिला, जणू तिथं आज चंद्राला सुट्टी दिली आहे का ते बघत होता.

स्वयंपाकघरातलं मला छकुलीनं नंतर सांगितलं. ती मोदकाच्या पाऱ्या लाटत होती. तृप्ती आत आली, न सांगता खोबरं किसायला बसली.

"ताई, हे मौन कधीपासून हाये?"

"लई दिवस झाले," छकुली म्हणाली. आत्याचं वारं तिलाही थोडं लागलं होतं.

"मागच्या चतुर्थीला ते शेळ्यांना काय काय बोलले ते मला लिहून आलं होतं. सगळ्या शिव्यांसकट."

छकुलीचं लाटणं थांबलं.

"मला माहीत हाये, ताई. पहिल्याच आठवड्यात लिहिलं त्यांनी. अडखळतो म्हणून. सेलूच्या तिकिटाचं बी लिहिलं. मी एवढी हसले, एवढी हसले, आणि मंग रडले."

"मंग तू घरी सांगितलं न्हाई?"

"ते म्हणले, मी स्वतः सांगतो. म्हणून मी थांबले." तिनं खोबऱ्याची वाटी उलटी केली. "दिवसभर काट्यावर बसते मी. माणसं माझ्याशी बिनअडखळता खोटं बोलतात. कापसाला पाणी मारून आणतात आणि म्हणतात, दव पडलं, ताई. अडखळणारं माणूस मला चालतं. पाणी मारलेलं न्हाई चालत. चंद्र निघायच्या आत त्यांनी ठरवावं. न्हाईतर जीपमध्ये बसताना मी आबांना न्हाई म्हणून सांगणार."

"असं एकदम?"

"एकदम कुठं? अजून अंधार बी पडला न्हाई."

छकुली हाताला पीठ घेऊन रोपवाटिकेत आली. अंगद तिथं होता, मीही होतो. पाणी द्यायची वेळ नव्हती तरी आम्ही दोघं पाणी देत होतो. तिनं सगळं एका दमात सांगितलं.

अंगदनं पाइप खाली टाकला. बराच वेळ त्याच्या चपलांवर पाणी पडत राहिलं.

"अण्णा," तो म्हणाला, "आज प... प... आज एकदाच असं झालं. लोकांत बसलो आणि भ... भीती न्हाई वाटली. लई बरं वाटलं."

"दिसलं मला."

"मंग काय जन्मभर चतुर्थी करणार का?" छकुली म्हणाली. "दादा, ती पोरगी खोबरं किसता किसता न्हाई म्हणून मोकळी होईल. हात लई जोरात चालतो तिचा."

मी हात पुसले. सत्यशीला असती तर एव्हाना तिनं कडूबाला बाजूला घेतलं असतं, सगळं सांगितलं असतं, त्याच्या घरातल्या कोणाच्या तरी सांधेदुखीवर औषधही सांगितलं असतं आणि परत येऊन आम्हाला म्हणाली असती, झालं. मला तिच्यासारखं बोलता येत नाही. पण म्हटलं, जाऊन सांगतो. दोन पावलं गेलो तर अंगदनं माझी बाही धरली.

"न्हाई," तो म्हणाला. 'न' त्याला निघतो.

अंधार पडला. थंडी होती म्हणून अंगणात शेकोटी केली. घोंगडी मध्ये, सगळे कडेनं. मोदक झाकून ठेवले होते आणि त्यांचा वास झाकता येत नव्हता. उपाशी माणसं हळूहळू भांडखोर होतात. साळूबाईनं चंद्राची वेळ चौथ्यांदा विचारली. अक्का म्हणाली, कॅलेंडरातली वेळ मुंबईची असते. जीपवाला म्हणाला, माझा उपास नाही, मला वाढा. कोणी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही.

आमच्या पूर्वेला गावची पाण्याची टाकी आहे. उंच, सिमेंटची. सुग्रीवनं पाहुण्यांचे पाट बरोबर तिच्या आडोशाला मांडले होते. टाकीच्या कडा उजळल्या, शेजारच्या पत्र्यावर चांदणं आलं, कुत्र्याची सावली पडली. सुग्रीव वर बघत म्हणाला, "अजून न्हाई. आज उशीर करून राह्यला."

"ही सावली कशाची मंग?" कडूबानं विचारलं.

"खांबावरचा दिवा."

"लाइट तर गेलीय."

सुग्रीव गप बसला. मी त्याला गप बसलेलं फार वेळा पाहिलेलं नाही. कडूबा काठी टेकत उठला, टाकीला वळसा घालून पलीकडं गेला आणि तिकडूनच ओरडला, "साळू! हिकडं ये! कवाचा वर आलाय! ह्यांच्या टाकीमागं दडून बसलाय!"

आम्ही सगळे टाकीपलीकडं गेलो. चांगला हातभर वर आला होता. बायकांनी ओवाळलं, पाणी सोडलं, हात जोडले. परत आलो तर अंगद घोंगडीवर बसलेला होता. एकटा. मांडी घालून, हात गुडघ्यांवर घट्ट. तृप्ती दाराच्या चौकटीत उभी होती.

कडूबा शेकोटीकडं तोंड करून त्याच्या उजवीकडं बसला. "बोला पाव्हणे. सुटलं मौन."

अंगदनं तोंड उघडलं. काही आलं नाही. मान ताठ झाली, डोळे मिटले. शेकोटीतलं लाकूड तडकलं. त्याच्या शेजारी आम्ही चौघं बसलो होतो आणि चौघांचीही तोंडं उघडी होती, शब्द ढकलायला. अक्काला राहवलं नाही.

"अं..." ती म्हणाली, "अं..."

कडूबानं काठी आडवी केली. "कोणी बोलू नका. कोकरू निघायला लागलं की ओढायचं नसतंय. ओढलं की मरतंय. आपसूक येऊ द्यायचं."

"अहो, ते नाव हाये, कोकरू न्हाई," अक्का म्हणाली.

"गप!"

"मौन पुरतं सुटलं न्हाई वाटतं," साळूबाई कुजबुजली. "थोडं थोडं सुटत असंल."

अंगदनं डोळे उघडले. तो नावाकडं गेलाच नाही. आधी दुसरीकडून आला.

"म... मौन न्हाई," तो म्हणाला. "मौन खोटं हाये. मी अ... अ... अडखळतो. लोकांसमोर जास्त. भ... भीती वाटते म्हणून मी हो म्हणलो."

सुग्रीवनं शेकोटीत काडी घातली आणि ती फार मन लावून बघू लागला. कडूबा उजवा कान अंगदकडं वळवून ऐकत होता.

"ते झालं," तो म्हणाला. "नाव राह्यलं."

कडूबा पुन्हा शेकोटीकडं वळला आणि नाव सुरू झालं. मी आतापर्यंत त्याचं नाव घेताना कधी शेवटपर्यंत पाहिलं नव्हतं. मी नेहमी मध्येच ते पुरं करायचो, नाहीतर सत्यशीला करायची, नाहीतर आम्ही दुसरीकडं बघायचो. त्या दिवशी बघितलं. "अ" अडला, सुटला, पुन्हा अडला. घाम हनुवटीवरून घोंगडीवर पडला. जीपवाल्यानंही कुरकुर थांबवली. आणि मग एकदम, घशातून दगड निघावा तसं:

"अंगद!"

आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला. अक्कानं डोळ्याला पदर लावला. कडूबानं कानामागं हात धरला.

"काय?"

अंगद त्याच्या डाव्या बाजूला बसला होता. बहिऱ्या बाजूला.

 आणि दारातून तृप्तीचं हसू आलं. दाबून ठेवलेलं, मग न दाबता येणारं. अंगदनं तिच्याकडं पाहिलं. मला वाटलं, पोरगा आता उठून जाईल. पण त्याचे खांदे हलायला लागले. तोही हसत होता. छकुली हसली, साळूबाई हसली, जीपवाला तर खोकायलाच लागला. अंगद घोंगडीवरच सरकत सरकत कडूबाच्या उजव्या बाजूला गेला आणि त्याच्या कानापाशी म्हणाला, "अ... अंगद. राधाकिसन. गाव प... प..."

"सावकाश," कडूबा म्हणाला. "गाव कुठं जात न्हाई."

"पिंपळवाडी."

माझं नाव माझ्या पोरानं चार लोकांत घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. ते एकदाही अडलं नाही. मी उठून लाकडं आणायला गेलो. लाकडं पुरेशी होती.

जेवणं झाली. मोदक गार झाले होते, पण कोणी बोललं नाही. कडूबानं अकरा खाल्ले असं अक्का म्हणते. तिच्यावर विश्वास ठेवू नये. हात धुऊन तो पुन्हा घोंगडीपाशी आला.

"आता माझी पंचाईत ऐका," तो म्हणाला. "पोरगं घोंगडीवर बसून खरं बोललं. पण काका बी हिच्यावरच बसून खोटं बोलला. आमच्या घोंगडीवर असं आजवर झालं न्हाई."

"बाबा, चूक माझी," सुग्रीव म्हणाला. "पोराचा राग धरू नका. पाहिजे तर मी पाच माणसांत माफी मागतो. माईकवर मागतो."

"माईक नको," आम्ही तिघं एकदम म्हणालो.

कडूबानं पागोटं काढून डोकं खाजवलं. "निम्मं खरं, निम्मं खोटं. म्हणजे बोलणं निम्मंच झालं. बोलणं पुरं झाल्याबिगर आम्ही घोंगडी उचलत न्हाई. ती इथंच राहू द्या. पोरानं ती आमच्या घरी आणून द्यावी. एकट्यानं. रस्ता विचारत यावं, लोकांशी बोलत यावं, दारात नाव सांगावं. मंग पुढचं बोलू."

"फोन करून आणंल तो," अक्का म्हणाली.

"फोन बी त्यानंच करायचा," साळूबाई म्हणाली. मग तिनं अंगदकडं निरखून पाहिलं. "पण तेज हाये हो तोंडावर. ते खोटं न्हाई."

जीप सुरू झाली. तृप्ती आत बसली. तिनं आजाला काही सांगितलं नाही. आम्ही कान लावून होतो. जीप वळली तेव्हा तिनं डोकं बाहेर काढलं आणि अंगदला म्हणाली, "घोंगडी नीट आणा. आणि तिकीट परतूरचंच काढा."

जीप गेल्यावर सुग्रीवनं मला विचारलं, "हे तिकिटाचं काय, भाऊ?" मी म्हणालो, "काही न्हाई. त्यांचं त्यांचं हाये." तो रात्रभर त्यावर विचार करत असणार.

ह्याला आता बरेच दिवस झाले. घोंगडी ओसरीत खुंटीवर आहे. शेळ्यांनी एक कोपरा चावला आहे, तो छकुलीनं शिवला. अंगद रोपांना पाणी देताना "परतूर, परतूर" म्हणत असतो. रोपांसमोर ते स्वच्छ निघतं. एकदा तो घोंगडी घेऊन जालना स्टेशनपर्यंत गेला होता. रांगेत उभा राहिला, खिडकीपर्यंत पोचला, आणि परत आला. मी काही विचारलं नाही. त्यानंच सांगितलं, "प" निघाला, पण तेवढ्यात मागच्यानं त्याच्या जागी सांगून टाकलं. "परतूर का? एक परतूर द्या." त्यानं ते तिकीट घेतलं नाही. दुसऱ्यानं सांगितलेलं चालत नाही, म्हणाला.

मला ते ऐकून बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. सत्यशीलाला सांगावं असं वाटलं.

पुढच्या महिन्यात तिचं वर्षश्राद्ध आहे. लग्नाचं काय, असं अक्का रोज विचारते. परतूरचं तिकीट अजून काढायचं आहे. आणि आई गेली त्या दिवशी फोनवर सुरू केलेलं वाक्य अंगदनं अजून पुरं केलेलं नाही.